अळणीचं बी पिकेपर्यंत

३ जुलै

चाटू,

आशीर्वाद नेहमीचेच. पत्र तीन आठवडे उशिरा आलं म्हणून त्यात कपात केलेली नाही, पण तसा विचार मनात आला होता.

पार्सल मिळालं. बारा कागद, बारा रोपं, एकावरही बुरशी नाही. कालव्यावर पाण्याची पातळी मोजणारा माणूस फावल्या वेळात इतकी सुंदर रोपं वाळवतो, हे मी इथल्या पोरींना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. त्यांना पगार याच कामाचा आहे आणि त्यांची रोपं बसमध्ये चेंगरल्यासारखी दिसतात.

तुझी गाठीची तणं ओळखून कपाटात लावून टाकली. पाच डागी, चार फिकट, तीन तिखट. त्यातल्या एका फिकट रोपाला तू डागी म्हटलं होतंस. पानावर शाईच्या अंगठ्यासारखा डाग दिसला आणि हुरळलास ना? बावीस वर्षं सांगतेय, डागावर जाऊ नकोस, डाग कुणालाही पडतो. देठाच्या गाठीवर ती पातळ बाही असते ती बघ. बाहीच्या काठाला पापण्यांसारखे केस असले तर डागी किंवा तिखट, काठ बोडका असला तर फिकट. यात अवघड काय आहे?

आणि हो, या खेपेला चिठ्ठ्यांवरचा ‘चव’ हा रकाना बाराही ठिकाणी कोरा आहे. हा शुद्ध आळस. तिखट रोपाचं पान चघळल्याशिवाय कागदावर घ्यायचं नाही, हा नियम तुझ्यासाठी बदलणार नाही.

डिसेंबरअखेर मी निवृत्त होतेय, वाळल्या रोपांच्या या खोलीची किल्ली देऊन मोकळी होणार. सगळी कपाटं मोजून, तपासून नव्या माणसाच्या हवाली करायची आहेत. तुझ्या तणांच्या कप्प्यात एक फोल्डर अजून रिकामा आहे, अळणीचा. मी नोकरीला लागले तेव्हाही रिकामाच होता. दिसायला हुबेहूब तिखट, पण पान चघळलं तर गवतासारखं. फुलांवर पिवळे ठिपके नाहीत आणि बी चकचकीत. आपल्या भागात असायला हवं असं सगळे म्हणतात, पण आजवर कुणाला सापडलेलं नाही.

तू दर वर्षीसारखं याही वर्षी विचारलंयस, म्हणून दर वर्षीचंच उत्तर. चिठ्ठीवर दोन ओळी असतात. ‘गोळा केलं’ तिथे तू आणि ‘ओळखलं’ तिथे मी. खालच्या ओळीत यायचं असेल तर आधी डागी आणि फिकट यांतला फरक शिक.

फोन उचलत का नाहीस?

ताई

*

२१ जुलै

ताई,

बसली असशील तर बसूनच राहा आणि उभी असशील तर बस.

अळणी सापडलं!

कालव्याच्या तिसऱ्या वळणावर, जिथे पाणी काठाशी रेंगाळतं, तिथे ही तणं गुडघाभर वाढली आहेत. दर वर्षी तिथलं तिखट घेतो, तुला माहीतच आहे. तू आळशी म्हणालीस म्हणून काल रविवारी मुद्दाम चव बघायला गेलो. एक पान चघळलं. थांबलो. तू सांगतेस तसे मनात वीस आकडे मोजले, मग चाळीस मोजले. काही नाही. दुसऱ्या रोपाचं घेतलं, तिसऱ्याचं, चौथ्याचं. ताई, कागद चघळावा तसं. मी काठावर बसलो आणि मोठमोठ्याने हसलो. पलीकडच्या काठावरचा गळवाला मासे सोडून माझ्याकडे बघत राहिला.

एक रोप दाबून पाठवतोय. तीन ताजी पानं ओल्या टीपकागदात गुंडाळून वेगळी ठेवली आहेत, वाळायच्या आत चाख. चिठ्ठीवर खालची ओळ मी भरून टाकली आहे. अक्षर चांगलं आलंय. खोडू नकोस.

फोनचं म्हणशील तर पाणमोजणीच्या खोलीत आवाज नीट येत नाही. पत्रच बरं. तुझी पत्रं परत परत वाचता येतात, फोनवरची बोलणी एकदाच खावी लागतात.

बाकी ठीक. पाणी या महिन्यात चार बोटं कमी आहे. बायको म्हणते की तुला नमस्कार सांगावा.

चाटू

*

२९ जुलै

उतावळ्या,

तुझं अळणी मिळालं. पार्सल दातांनी फोडलं हे कबूल करते. फोल्डर काढून टेबलावर उघडून ठेवला होता.

मग भिंग लावलं. फुलांवर पिवळे ठिपके. एक-दोन नाहीत, कुणी चाळणीतून शिंपडल्यासारखे. तरी म्हटलं, भावाच्या जिभेचा मान ठेवू. पान तोंडात टाकलं, आठ आकडे मोजले आणि नळाकडे पळाले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. शिपाई विचारत होता की कुणी गेलं का.

चाटू, अरे तिखट म्हणजे किती तिखट! जीभ कुठे गहाण ठेवलीस? साबण, पाटी, कुलूप, सायकलची घंटा, जगात चाटायचं काही सोडलं नाहीस म्हणून आजोबांनी तुझं नाव चाटू ठेवलं. डोळे बांधून नुसतं चाटून तू घरातल्या सातही किल्ल्या ओळखायचास. आणि हे तुला कळलं नाही? खालच्या ओळीत नाव घालायची एवढी घाई की जिभेलाही खोटं बोलायला लावलंस?

लाल पेन्सिलीने तुझी ओळ खोडली आहे. ‘तिखट. ओळखलं: ताई’ असं वर लिहिलंय. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना किस्सा सांगितला, हसून हसून पुरेवाट झाली. नवी पोरगी तर म्हणाली, मावशी, तुमच्या भावाला इथे आणाच एकदा.

आधी पाया, मग कळस. भिंग वापर.

ताई

*

१० ऑगस्ट

ताई,

बरं झालं खोडलंस. चूक ती चूक.

आणखी पाच पाठवतोय, सगळी तिसऱ्या वळणाच्या आसपासची. त्यात एखादं तरी अळणी असेल असं वाटतं. ताजी पानंही आहेत. चव तूच घे, तो रकाना तुझ्यावर सोपवला.

मधे दीड महिना रोज शहरात जावं लागत होतं, मीटरच्या कामासाठी, म्हणून तुझ्या मे महिन्यातल्या पत्राला उत्तर राहिलं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. बायको म्हणते की माणूस म्हातारा होताना एक तर फुगतो नाही तर सुकतो, तुम्ही दुसरा मार्ग धरलात.

सगळ्यांना किस्सा सांगितलास त्याचं काही नाही. हसले ना, मग झालं.

चाटू

*

२० ऑगस्ट

चाटू,

पाचही तिखट. पाच दिवस झाले, रोज एक चाखतेय, जिभेची साल निघाली. मी काय गुन्हा केलाय? भिंगातून बघितलं असतंस तरी ठिपके दिसले असते. बावीस वर्षं मी इथे बसून

हे पत्र मी इथे सोडून उठले होते. आता दुपार झाली आहे.

मधल्या वेळात तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या काढून बघितल्या, या वर्षीच्याही आणि जुन्याही. मागच्या वर्षी ‘चव’ या रकान्यात तू लिहिलंयस, ‘तिखट, आधी जिभेच्या टोकाला, मग घशाशी, पाणी प्यायल्यावर जास्त.’ त्याच्या मागच्या वर्षी, ‘सावलीतलं असल्याने तिखटपणा उशिरा.’ असं कुणी लिहीत नाही. मी स्वतः नुसतं ‘तिखट’ लिहिते. एप्रिलपासून रकाना कोरा आहे. आणि मग एकदम चार रोपं चघळून तुला एकही लागत नाही.

फोन उचलत नाहीस. पट्ट्याला दोन भोकं. दीड महिना रोज शहरात. पाणी मोजायच्या पट्टीला कसला रे मीटर?

मी रोपाकडे बघत बसले, माणसाकडे बघितलंच नाही. चाटू, तुझ्या तोंडाला काय झालंय? मला ताकास तूर लागू देत नाहीस, पण आता पुरे. खरं सांग.

ताई

*

२७ ऑगस्ट

ताई,

सांगतो. रागावू नकोस, किंवा वाचून झाल्यावर रागाव.

मार्चमध्ये घशात गाठ निघाली. जन्मभर गाठी बघत आलो, ही मात्र तुझ्या कपाटात लावण्यासारखी नव्हती. एप्रिल-मेमध्ये किरणांचे तीस शेक दिले. गाठ आक्रसली. आवाज गेला तो फाटका परत आला, म्हणून फोन घेत नाही. तू पहिल्याच ‘हॅलो’ला ओळखलं असतंस. आणि चव गेली. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिन्यांत परत येते बहुतेकांची.

बहुतेकांची म्हणाले म्हणून मी एक युक्ती केली. दर रविवारी तिसऱ्या वळणावर जायचं आणि एक पान तोडायचं. अर्धं तोंडात, अर्धं तारीख घालून कागदात. ज्या रविवारी भाजेल त्या रविवारी मी बरा झालो असं समजायचं. मेमध्ये नाही. जूनमध्ये नाही. जुलैच्या त्या रविवारी उठलो तेव्हा फार बरं वाटत होतं, तोंडाला पाणी सुटलं होतं, आज नक्की असं मनात होतं. पान चघळलं. काही नाही. चाळीस आकडे मोजले. आणि मग मला वाटलं की हे अळणी तर नसेल?

ताई, मी खोटं बोललो नाही. तुझ्याशी नाही आणि जिभेशीही नाही. रोप अळणी असावं, मी नसावा, एवढंच मला हवं होतं. म्हणून तर हसलो त्या काठावर. तुझी लाल पेन्सिल आली तेव्हा कळलं की दोघांतला अळणी कोण.

तुला सांगितलं नाही, कारण तू धावत आली असतीस. तुझ्यासमोर मी अजून सहा वर्षांचाच असतो, मला रडू आलं असतं. बायको खंबीर आहे. तिच्यासमोर मीही असल्यासारखा वागतो.

आता भिंग वापरतो. सुतळीने गळ्यात अडकवलंय. चाटायचं सोडून बघायला शिकतोय, पन्नाशी उलटल्यावर.

चाटू

*

१ सप्टेंबर

माझ्या बाळा,

पत्र काल आलं. तीनदा वाचलं, चौथ्यांदा वाचवलं नाही.

मी हसले, आणि चारचौघांना हसवलं. तू त्या काठावर बसून पान चघळत असशील आणि मी इथे जीभ गहाण ठेवलीस म्हणून कागदावर लिहीत होते. हे मला आता कुठे ठेवता येणार आहे? माफी माग म्हणालास तर मागते, पण तू म्हणणार नाहीस हे माहीत आहे आणि तेच जास्त लागतं.

सहा तारखेच्या गाडीने निघते. महिनाभर राहीन. कपाटं गेली खड्ड्यात. तुझ्या बायकोला सांग की मला वेगळी खोली नको, तिच्याबरोबर स्वयंपाकघरात पडेन.

ताई

*

४ सप्टेंबर

ताई,

आत्ता येऊ नकोस. पुढचं वाच आणि मग ठरव.

तिसऱ्या वळणाच्या पुढे मोरी आहे, पाणी शेताकडे सोडायची. तिच्यामागे भिंतीच्या सावलीत एकच रोप आहे. परवा दिसलं. तुरा बारीक, खाली वाकलेला, बाहीला केस. म्हटलं, आणखी एक तिखट. पण भिंग लावलं आणि ठिपके नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात परत बघितलं. नाहीत. या वेळी जिभेचा काही संबंध नाही, नुसता डोळा आहे.

पण बी अजून हिरवं आहे. आणि हे तूच मला शिकवलंयस, की बी पिकून त्याचा मंदपणा किंवा चकाकी दिसल्याशिवाय या दोघांपैकी कुणाचंही नाव घ्यायचं नाही. बी पिकायला ऑक्टोबरचा शेवट येईल. तेव्हा ये. मी तोवर जरा सुधारेन, दोन पावलं जास्त चालता येईल. आपण दोघं मोरीमागे जाऊ. तू चाख, मी चकाकी बघतो. तुझ्या जिभेवर आणि माझ्या डोळ्यांवर काम होईल.

आत्ता आलीस तर काय बघशील? हिरवं बी आणि पडलेला मी. बायकोचंही असंच म्हणणं आहे.

या वेळी खालची ओळ भरलेली नाही. बी बघून भरू.

चाटू

*

११ सप्टेंबर

चाटू,

तिकीट रद्द केलं. मन मानत नव्हतं, पण तुझं म्हणणं शास्त्राला धरून आहे आणि ते मीच तुझ्या डोक्यात भरलंय. तुझ्या बायकोचंही तसंच असेल तर मी मधे पडत नाही. आजारी घरात पाहुणा म्हणजे एक काम जास्त.

चोवीस ऑक्टोबरचं तिकीट काढलंय. तोवर तुऱ्यावर पातळ कापडाची पिशवी सैलसर बांधून ठेव, पिकलं की बी गळतं. भोवती काटक्या रोव, शेळ्या तोंड लावतील. शेळ्यांना तिखट चालत नाही, अळणी बरोबर कळतं.

ठिपके खरंच नसतील तर खालची ओळ तुझी. हे मी लिहून देतेय, पत्र जपून ठेव.

जेव. दर आठवड्याला दोन ओळी टाक, नुसतं ‘आहे’ लिहिलंस तरी चालेल.

ताई

*

३० सप्टेंबर

ताई,

आहे.

कापड बांधलंय. बी अर्धं तपकिरी झालंय. रविवारी बाहेर जाता आलं नाही, बायकोने पान आणून दिलं. ताई, किंचित लागलं. अगदी किंचित, जिभेच्या डाव्या काठाला.

अक्षर लहान आलंय, टेकून लिहितोय. चोवीस तारखेला उपाशी निघू नकोस, गाडी उशिरा येते हल्ली.

चाटू

*

२ नोव्हेंबर

वन्सं,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आजवर यांच्या पत्रात शेवटी माझा नमस्कार असायचा, तेवढाच आपला पत्रव्यवहार.

अकरा ऑक्टोबरला पहाटे तुम्हाला फोन केला, तुम्ही आलात, दोन दिवस राहिलात. त्या दोन दिवसांत मी तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल, दुःखात आहे. दुःखात होतेच, पण तेवढंच नव्हतं. माझ्या मनात तुमच्याबद्दल राग होता, तो आज सांगते, कारण आता तो चुकीचा निघाला आहे.

तीन सप्टेंबरला डॉक्टरांनी मला आणि यांना समोर बसवून सांगितलं होतं की गाठ पसरली आहे, आता करण्यासारखं काही उरलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ताईंना बोलावून घ्या. हे म्हणाले, “ताईला बी पिकल्यावरच यायचंय. तिचं काम तसं असतं.” मी आत जळत होते. पोटाला नळी लागली तेव्हा परत म्हटलं. परत तेच उत्तर. म्हटलं, अशी कसली बाई, भाऊ जातोय आणि हिला तणाचं बी हवंय.

परवा यांचा खण आवरला. तुमची सगळी पत्रं होती, तारखेप्रमाणे लावलेली. वाचायला नको होती, वाचली. सहा तारखेची गाडी वाचली. माझंही असंच म्हणणं आहे, हेही वाचलं. वन्सं, मी असं कधी म्हटलं नव्हतं. मी तर म्हणत होते, बोलवा, बोलवा. मला तुमचं नाव सांगितलं आणि तुम्हाला माझं. दोघींना दोन बाजूंना बसवून ठेवलं आणि स्वतः मधे एकटे राहिले. शेवटी एकदा मला म्हणाले होते, “ताईच्या मनात मी सायकलवर बसलेला आहे, तसाच राहू दे.” तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही.

चोवीस तारखेला, तुमच्या तिकिटाच्या दिवशी, मी मोरीमागे गेले. कापडाची पिशवी तशीच होती. बी खाली पिशवीत पडलं होतं, ते रोपासकट पाठवते आहे. मला दाबता येत नाही, वर्तमानपत्रात घालून वर पाटा ठेवला. चूकभूल असेल तर रागावू नका.

आणि पानही चघळलं. आधी वळणावरचं घेतलं, अंदाज यावा म्हणून. तोंड असं पेटलं की कालव्याचंच पाणी प्यायले. चूळ भरून, अर्धा तास थांबून मोरीमागचं घेतलं. काही नाही. गवत.

खणात आणखी एक पाकीट होतं, तेही सोबत पाठवते आहे. त्यात अर्धी-अर्धी पानं, वीसेक असतील, प्रत्येकाखाली रविवारची तारीख आणि ‘नाही’ असं लिहिलेलं. ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. फक्त शेवटच्या अठ्ठावीस सप्टेंबरच्या पानाखाली ‘किंचित’ आहे. ते पान मी आणलं होतं. यांनी ते बराच वेळ भिंगाखाली धरलं, मग अर्धं फाडून जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “लागलं गं, किंचित लागलं.” मी इतकी रडले की यांनाच मला गप्प करावं लागलं. पुढचे दोन आठवडे मी त्या एका शब्दावर काढले.

आता मात्र मला राहून राहून वाटतं. ते पान मी वळणावरून आणलं की मोरीमागून, मला आठवत नाही. मला दोन्ही एकच दिसतात. अंधार पडत होता, घाईत होते, पिशवीकडेही लक्ष गेलं नसेल, हे एकटे होते घरात. तुम्हाला पानावरून कळत असेल तर सांगा. जे असेल ते खरं सांगा, तुम्ही बहीण-भाऊ मला सांभाळून घेता हे आता पुरे झालं.

तुमची भावजय

*

१० नोव्हेंबर

माझ्या भावजयीस,

तुझ्या रागाबद्दल एक शब्दही बोलू नकोस. तो चुकीचा निघाला असं तू म्हणतेस, मला तसं वाटत नाही. मी तिकीट रद्द केलं होतं. त्याने बी पिकायचं कारण दिलं आणि मी ते मानलं. दुसऱ्या कुठल्याही बहिणीला असं कारण सांगायची कुणाची हिंमत झाली नसती आणि तिने ऐकलंही नसतं. त्याला माहीत होतं की मी एकाच गोष्टीसाठी थांबते. माझ्याच नियमाने त्याने मला दाराबाहेर ठेवलं. जन्मभर मी त्याला घाई करू नको म्हणत आले, आणि एकदाच घाई करायची होती तेव्हा मी थांबले. हे मला पुसता येणार नाही.

रोप छान दाबलंयस. पाटा म्हणजे उत्तम दाबणी, इथल्या पोरींना सांगेन.

बी भिंगाखाली घेतलं. काळं आणि चकचकीत, बुटाला पॉलिश केल्यासारखं. फुलांवर एकही ठिपका नाही. नव्या पोरीला न सांगता बघायला दिलं, तीही तेच म्हणाली. अळणी आहे गं. आजवर कुणाला सापडलं नाही ते त्याला सापडलं, आणि तेही जीभ नसताना.

आता तुझा प्रश्न. चार दिवस उत्तर लिहायचं टाळलं. पण तू खरं मागितलंयस आणि आपल्या दोघींत आता कुणी खोटं घालू नये.

तिखटाचं पान उजेडावर धरलं की त्यात बारीक ठिपके दिसतात, सुईने टोचल्यासारखे. पाकिटातली ‘नाही’ची सगळी अर्धी पानं मी खिडकीपाशी धरून बघितली. सगळ्यांत आहेत. फक्त शेवटच्या पानात नाहीत. ते पान मोरीमागचं आहे. धडधाकट माणसाच्या जिभेलाही ते लागलं नसतं, तुलाही लागलं नाही.

आणि त्याला ते माहीत नव्हतं असं समजू नकोस. तूच लिहिलंयस, बराच वेळ भिंगाखाली धरलं होतं. त्याने ते ओळखलं, आणि मग तुझ्याकडे बघून ‘किंचित’ म्हणाला. जुलैत तो फसला होता. सप्टेंबरात फसला नाही. दोन दिवसांनी मलाही तोच शब्द लिहिला, जिभेचा डावा काठसुद्धा घातला. लबाड.

तू त्या शब्दावर दोन आठवडे काढलेस म्हणालीस. ते त्याने तुला दिले होते, परत करू नकोस.

काल फोल्डर भरला. चिठ्ठी मी स्वतः लिहिली. ‘गोळा केलं’ तिथे दोन नावं आहेत, त्याचं आणि तुझं. ‘चव’ तिथे ‘काही नाही, गवत’, तुझे शब्द जसेच्या तसे. ‘ओळखलं’ तिथे त्याचं नाव, एकट्याचं. माझं नाव या कागदावर कुठेच आलं नाही.

त्याच कागदावर खाली ते अर्धं पान चिकटवलं आहे, त्याच्या अक्षरातल्या तारखेसकट आणि ‘किंचित’सकट. इथल्या नियमाप्रमाणे चुकीची नोंद ठेवता येत नाही, खोडून वर बरोबर लिहावं लागतं. मी लाल पेन्सिल काढली होती. मग परत डबीत ठेवली.

डिसेंबरनंतर मी मोकळी आहे. बोलावशील तर येईन, न बोलावशील तरी येईन. आता कशाचंही पिकायचं राहिलेलं नाही.

ताई